तीन मिनिटांचा थांबा

थोरलीच्या पोटात नेमकं कधी दुखायला लागलं, असं तिला विचारलंत तर ती म्हणेल, असं काही झालंच नाही. धाकट्या जावेबद्दल तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. हे ती दिवसातून चार वेळा, कुणी न विचारता, सांगायची.

खरं सांगायचं तर सुरुवात सासूबाईंच्या फोनपासून झाली. अठरा वर्षं त्या घरात काही अडलं की सासूबाईंची एकच हाक असायची, "थोरले, जरा इकडे ये." टीव्हीचा आवाज गेला, थोरले. चष्मा सापडत नाही, थोरले. थोरली करवादायची, कपाळाला आठ्या घालायची, "एक मिनिट बसू देतील तर शपथ" म्हणायची आणि जायची. मग दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिरांचं लग्न झालं. नवी सून आली आणि आल्या आल्या तिने सासूबाईंच्या फोनमध्ये काहीतरी खुडबुड केली. त्यानंतर परगावच्या लेकीचा चेहरा एका बोटाने पडद्यावर यायला लागला. सासूबाई हरखल्या. पुढच्या आठवड्यात चष्मा हरवला तेव्हा हाक आली, "धाकटे, जरा इकडे ये." थोरली स्वयंपाकघरात होती. तिने हातातलं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

"आता तरी निवांत बसशील," नवरा म्हणाला. नवरे असलं काहीतरी नेमक्या नको त्या वेळी बोलतात.

पण घरातलं एक वेळ सोसलं असतं, कारण थोरलीला ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे रुग्णवाहिका बोलावायचं मदत केंद्र. माणूस पडला, छातीत दुखलं, अपघात झाला की लोक ज्या नंबरवर फोन करतात तो फोन इथे तिसऱ्या मजल्यावर वाजतो. मोठं दालन, अठरा टेबलं, टेबलामागे हेडफोन लावून बसलेल्या बायका आणि पुरुष. दालनाबाहेर लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला एक थंडगार खोली. त्या खोलीत केंद्राचं सगळं नेटवर्क आणि एकोणीस वर्षांपासून थोरली.

त्या खोलीतलं काम सांगायला सोपं आहे. केंद्रातले सगळे कॉम्प्युटर बाहेर जायला एकच पत्ता ओळखतात. त्या पत्त्यावर जो राउटर बसला असेल त्याच्यामधून सगळं जातं: येणारे फोन, नकाशे, गाड्या कुठे आहेत ते. थोरलीकडे राउटर दोन होते. पहिला त्या जागेवर बसलेला आणि दुसरा शेजारी नुसता तयार. पहिला बंद पडला की थोरली जिथे असेल तिथून बोळातून धावत जायची आणि दुसऱ्याला हाताने त्या जागेवर बसवायची. यात सहा-सात मिनिटं जायची. तोवर प्रमुखसाहेब फोन कंपनीला सांगून सगळे कॉल दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे वळवायचे, आणि तिथली माणसं बोटं मोडायची. काम झालं की थोरली बोळातून दालनात यायची, तेव्हा अठरा टेबलांवरची माणसं मान वर करून बघायची. कुणी खुर्चीवरून उठायचं. कुणी म्हणायचं, "ताई, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो आमचं." थोरली म्हणायची, "त्यात काय एवढं." पण ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून तिने महिन्यातून एकदा राउटर बंद पडलेला आनंदाने चालवून घेतला असता, हे मी तुम्हाला सांगतोय, ती नाही सांगणार.

आणि त्या खोलीत एके दिवशी साहेबांच्या मागून कोण आत यावं? धाकटी.

साहेबांनी नव्या कामासाठी एक कंपनी नेमली होती. शहरात एवढी ऑफिसं पडली आहेत, कंपनीत एवढी माणसं, पण पाठवलं ते हिलाच. धाकटीलाही आदल्या दिवशीच कळलं होतं म्हणे. म्हणे. थोरलीने "असं का" एवढंच म्हटलं. घरात धाकटी तिला ताई म्हणायची, इथे साहेबांसमोर मॅडम म्हणाली, आणि तेही थोरलीला बोचलं. ताई म्हणाली असती तरी बोचलंच असतं.

"आता कुणी धावायला नको," साहेब म्हणाले. "यांच्या पद्धतीत एक राउटर पडला की दुसरा आपोआप जागा घेणार. एका सेकंदाच्या आत. ताई, तुमची दगदग संपली बघा."

"एका सेकंदात कसं कळणार त्याला, पहिला पडला ते?" थोरलीने विचारलं. तिला माहीत होतं कसं ते. पुस्तकात तिनेही वाचलं होतं, सहा वर्षांपूर्वी साहेबांना सांगितलंही होतं, तेव्हा साहेबांनी बघू म्हटलं होतं. तेच आता बाहेरच्या माणसाने सांगितलं तर लगेच पटलं.

धाकटी म्हणाली, "दोन्ही राउटर सेकंदाला दहा वेळा एकमेकांना विचारणार, आहेस का, आहेस का. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की समजायचं गेला. मग दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. टेबलावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही."

टेबलावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. हे वाक्य थोरलीला सबंध आठवडा पुरलं. एकोणीस वर्षं ज्यासाठी लोक उठून उभे राहिले ते आता कुणाला न कळता होणार होतं, आणि ते करणार होती ही कालची पोर. वर साहेब एकदा बोलून गेले होते की चाचणी नीट पार पडली तर या कंपनीवाल्या बाईंना इथेच कायम घेऊ, ताईंनाही जरा आराम, खाली सामानाच्या विभागात त्यांच्यासारखं शिस्तीचं माणूस हवंच आहे. सामानाचा विभाग म्हणजे तळघरातल्या खुर्च्या, पंखे आणि कागदाचे गठ्ठे. थोरलीने मान डोलावली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मान डोलावली.

तीन महिने दोघी त्या खोलीत शेजारी बसल्या. धाकटीचं काम चांगलं होतं, हीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर थोरलीने तिला सांभाळून घेतलं असतं, चुका दुरुस्त केल्या असत्या, घरी जाऊन कुणाला एक शब्दही सांगितला नसता, आणि किती मोठ्या मनाची आहे मी, असं वाटून तिला छान झोप लागली असती. पण चूक सापडेना. दुसरा राउटर धाकटीने पूर्ण बसवला. पहिल्या राउटरला मात्र थोरलीने तिला हात लावू दिला नाही. नुसतं बघता येईल एवढीच परवानगी दिली, बदल करायचा पासवर्ड स्वतःकडे ठेवला.

"पहिल्यातले बदल मी करते," ती म्हणाली. "तू यादी दे."

धाकटीने चौदा ओळींची यादी दिली. अकराव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही तेवढी विसरू नका मॅडम. पहिला बंद पडून परत सुरू झाला की लगेच जागा मागायची नाही. तीन मिनिटं थांबायचं, मग घ्यायची."

"का म्हणून?"

"सुरू झाल्या झाल्या त्याला बाहेरचे रस्ते माहीत नसतात ना. बाहेरच्या लाइनी वर यायला वेळ लागतो. तोवर तो जागेवर बसला तर सगळे त्याच्याकडे जाणार आणि तिथेच अडकणार. बाहेरच्या लाइनीवरही नजर ठेवायची सोय आहे, पण ती आपण पुढच्या टप्प्यात बसवतोय."

"अकरा वर्षं तो राउटर मी चालवतेय. त्याला काय माहीत असतं ते तू मला सांगणार?"

"सांगत नाहीये. मी टाकू का ती ओळ?"

"म्हटलं ना, मी टाकते."

चाचणी बुधवारी सकाळी अकराला ठरली. नऊ वाजता थोरली खोलीत एकटी बसून यादीतल्या ओळी एकेक करून टाकत होती. दहावी झाली. अकरावीशी तिचा हात थांबला. अकरा वर्षं ज्याने ही जागा सांभाळली त्याने काय करायचं, तर जरा खाली पडून उठला की स्वतःच्या दारात तीन मिनिटं उभं राहायचं, आणि कालचा आलेला तो दुसरा आत खुर्चीत बसलेला बघायचा? कुणाबद्दल चाललंय हे तिला कळत होतं की नाही, देव जाणे. तिने ती ओळ गाळली, बारावी टाकली, आणि कागदावर चौदाही ओळींपुढे बरोबरची खूण केली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या बाईला एवढं कळू नये? अहो, तिच्या डोळ्यांदेखत तो राउटर शंभर वेळा तरी बंद होऊन सुरू झाला असेल, कधी काही बिघडलं नव्हतं. कारण त्याला परत जागेवर ती हाताने बसवायची. बसवण्याआधी कप विसळायची, चहा प्यायची, एकेक बाहेरची लाइन वर आली का ते बघायची. तो थांबा म्हणजे ती स्वतःच होती. राउटरला स्वतःला थांबता येत नाही हे तिने कधी बघितलंच नव्हतं. अर्धं तिला ठाऊक होतं, उरलेलं अर्धं तिला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

अकराला पाच कमी असताना साहेबांनी सगळे कॉल दुसऱ्या शहराकडे वळवले. दालनात सहा टेबलांवर माणसं एकमेकांना खोटे कॉल लावून बोलत बसली. साहेब आणि धाकटी लॅपटॉप घेऊन मधल्या टेबलाशी. थोरली थंड खोलीत, राउटरच्या मागे, मोबाइल स्पीकरवर ठेवून.

"काढा," धाकटीचा आवाज आला.

थोरलीने पहिल्या राउटरची वायर उपटली. दिवे विझले. तिने कान टवकारले. दालनातून त्याच खोट्या कॉलची तीच बडबड चालू होती, एक शब्दही तुटला नाही.

"काढली का?" साहेबांनी विचारलं.

"झालंसुद्धा साहेब," धाकटी म्हणाली. "अर्ध्या सेकंदाच्या आत."

आणि मग टाळ्या. मोबाइलमधून आल्या तशा बोळातूनही आल्या, जरा मागाहून. एकोणीस वर्षांत लोक तिच्यासाठी उठले होते, हात जोडले होते, वाढदिवसाला केक आणला होता, पण टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. थोरली वायर हातात धरून उभी होती. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचा तिला भयंकर राग आला.

"मग आता कॉल परत घेऊ," साहेब खुशीत म्हणाले. "तिकडची मंडळी कावली आहेत."

ठरलं होतं ते असं: आधी राउटर बंद करून बघायचा, मग सुरू करून बघायचा, आणि दोन्ही झाल्यावरच कॉल परत घ्यायचे. हे धाकटीनेच लिहिलं होतं. ती आता थांबा म्हणेल, असं थोरलीला वाटलं. मोबाइलमधून काहीच आलं नाही. थोरलीला स्वतःलाही थांबा म्हणता आलं असतं. पण का थांबायचं, असं कुणी विचारलं असतं तर? दोघी गप्प राहिल्या, आणि साहेबांनी कॉल परत घेतले. अठरा टेबलांवर खरे फोन वाजायला लागले.

"पहिला सुरू करा, मॅडम," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

थोरलीने वायर लावली. पंखे फिरले, दिवे एकामागून एक लागले. राउटर उभा राहिला आणि त्याच क्षणी त्याने जागा मागितली. दुसऱ्याने मुकाट्याने सोडली. पहिला जागेवर बसला. बाहेरची एकही लाइन अजून वर आलेली नव्हती.

दालनातले सगळे आवाज एकदम बंद झाले. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग "हॅलो, हॅलो" म्हणणारी अठरा माणसं.

"काय झालं?" साहेब ओरडले. "काय झालं हो? ताई?"

थोरलीला कळलं काय झालं ते. लगेच कळलं. उपायही कळला. पहिल्याची वायर परत उपटायची की अर्ध्या सेकंदात दुसरा जागा घेणार, सगळं सुरू. तिचा हात वायरवरच होता. पण वायर उपटायची म्हणजे सगळ्यांसमोर मान्य करायचं की आपला राउटर जागेवर बसला म्हणून सगळं पडलं. आता येतील लाइनी, असं ती स्वतःशी म्हणाली. आता येतील. पहिली आली की निभावलं. हिरवा दिवा लागेना. हात वायरवर, आणि ती वाट बघत उभी. मोबाइलमध्ये साहेब फोन कंपनीच्या माणसावर खेकसत होते, त्यांना कॉल पुन्हा वळवायचे होते आणि पलीकडचा माणूस त्यांना नाव काय, खातं कुठलं असं विचारत होता.

बोळातून धावत पावलं आली. दार आपटलं. धाकटी आत आली, थोरलीला खांद्याने बाजूला सारलं आणि वायर उपटली.

दालनात फोन वाजायला लागले. घड्याळाप्रमाणे दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती. दोघी एकमेकींकडे न बघता बोळातून दालनात गेल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "हीच का तुमची जादू?" ते धाकटीला म्हणाले. "तीन महिने लावून हेच बसवलंत? एका सेकंदाच्या नादात माझी दोन मिनिटं गेली. बाई, आमचं जुनं होतं तेच बरं होतं." मग थोरलीकडे वळून आवाज उतरवून म्हणाले, "ताई, तुम्ही तिथे होतात म्हणून निभावलं. आता आपलं जुनंच चालू ठेवा. तुमची खोली तुमचीच. फक्त चारपर्यंत मला अहवाल द्या, काय चुकलं, कुणाचं चुकलं. आणि हे कुणी मुद्दाम केलं असेल ना, तर त्याचं पाऊल त्या खोलीत पुन्हा पडणार नाही. मग तो घरचा असो नाहीतर बाहेरचा."

धाकटीने लॅपटॉप मिटला. तिचा चेहरा उतरला होता. तो बघून थोरलीला आनंद झाला. लपवून काय उपयोग? चांगला घसघशीत आनंद झाला. दोन वर्षं छातीत जे काही जळत होतं ते गार झालं. मी नाही तर काही नाही, हे तिने तोंडातून शब्द न काढता दाखवून दिलं होतं, आणि धाकटीला तोंड वर करायला जागा राहिली नव्हती. त्या आनंदात ती टेबलांमधून चालत पाणी प्यायला गेली, आणि तो आनंद चार नंबरच्या टेबलापर्यंत टिकला.

चार नंबरवर एक पन्नाशीची बाई बसायची. सगळे तिला चार नंबरच म्हणायचे. ती हेडफोन काढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय झालं गं?" थोरलीने विचारलं.

"एक आजोबा होते लाइनीवर. बायको न्हाणीघरात पडलेली, बोलत नव्हती. पत्ता सांगत होते. गल्लीचं नाव सांगितलं, घर नंबर सांगायला लागले आणि गेला फोन. पडद्यावरचा नंबरही गेला. मी काय करणार? नुसती बसले."

"मग?"

"मग आला त्यांचा परत. गाडी गेली, पोचली. श्वास चालू आहे म्हणे, नेलंय." चार नंबरने नाक पुसलं. "मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बाई, माफ करा, माझे हात थरथरताहेत, माझ्याच बोटाने फोन बंद झाला असेल. मी नाही हो म्हटलं, आमच्याकडून झालं म्हटलं, तरी ते आपले माफी मागताहेत. बायको जमिनीवर पडलेली, आणि हा माणूस माझी माफी मागतोय."

थोरली पाणी न पिताच बोळातून परत आली.

खोलीत धाकटी कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर पहिल्या राउटरमधल्या ओळी होत्या. थोरली दारातच थांबली.

"बघ," ती म्हणाली. "बघ नीट. अकरावी नाहीये. मी नाही टाकली. खूण केली आणि टाकली नाही."

"माहितीये."

"आता कळलं ना."

"आता नाही." धाकटीने खुर्ची फिरवली. "साडेदहाला. मी चाचणीआधी सगळं बघून घेतलं होतं. बघायची परवानगी तुम्हीच दिली आहे."

थोरलीला क्षणभर अर्थच लागला नाही. "साडेदहाला बघितलंस आणि बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

"का?"

"तुम्ही पडाव्यात म्हणून." धाकटी सरळ तिच्याकडे बघत होती. "तुमचा राउटर सगळ्यांसमोर पडावा, मग मी दाखवणार होते की अकरावी ओळ नाही, कुणी टाकली नाही ते. कॉल तिकडे असतील, कुणाचं काही बिघडणार नाही, असं धरून चालले होते. साहेबांनी कॉल परत मागितले तेव्हा थांबा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण म्हटलं, पडू दे. खरे कॉल असताना पडला तर जास्त दिसेल. आणि पडल्यावरही लगेच नाही उठले. एक मिनिटभर बसले तिथे. लोकांना नीट बघू दे म्हटलं."

"आजोबांचं कळलं तुला?"

"चार नंबर माझ्या शेजारीच होत्या. मी त्यांचा चेहरा बघून पळाले."

थोरली खुर्चीत बसली. तिला वाटत होतं आपल्याला राग येईल, पण तो येईना. "माझं एवढं काय खुपलं तुला?" ती म्हणाली. "घर तुझ्या नावाने नाचतंय. सासूबाई उठता बसता धाकटे, धाकटे."

"फोन बिघडला की धाकटे," धाकटी म्हणाली. "पाय दुखले की कुणाला सांगतात? रात्री घाबरल्यासारखं झालं की कुणाला उठवतात? मला कधी उठवलंय? मी त्या घरात फोनवाली आहे, ताई. आणि इथे तीन महिने काम केलं, मघाशी टाळ्या वाजवल्या ना, त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. साहेबसुद्धा मला अहो कंपनीवाल्या म्हणतात. तुम्ही बोळातून गेलात की लोक उभे राहतात. मला रोज दिसतं ते."

 मग थोरलीने कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला, पासवर्ड घातला आणि अकरावी ओळ टाकली. धाकटीने वाकून वाचली आणि "बरोबर आहे" म्हणाली. हे सांगायची काही गरज नव्हती, पण ती म्हणाली.

"तू जा," थोरली म्हणाली. "अहवाल मी लिहिते. ओळ माझी होती, वायरही माझ्या हातात होती."

"आणि मी?"

"तुझं कुणाला कळणार नाही."

"म्हणजे परत तुम्हीच मोठ्या," धाकटी म्हणाली. "तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहिते. एकाच कागदावर."

थोरली लिहायला बसली. तिने दीड पान लिहिलं. एकोणीस वर्षांची सेवा त्यात आली, सहा वर्षांपूर्वी साहेबांना दिलेली सूचना आली, राउटरचं वय आलं, तो नेहमी दोन मिनिटांत वर येतो तेही आलं, आणि या सगळ्याच्या पोटात, शोधणाऱ्याला सापडेल अशा बेताने, अकरावी ओळ टाकायची राहून गेली हेही आलं. मग तिने कागद धाकटीकडे सरकवला. धाकटीने खाली लिहिलं आणि कागद परत दिला. एवढ्या लवकर कसं झालं, म्हणून थोरलीने बघितलं. तिथे दोनच वाक्यं होती.

"पहिल्या राउटरमध्ये थांबायची ओळ नाही हे मला साडेदहाला माहीत होतं. चूक दुसऱ्याच्या नावावर दिसावी म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

थोरलीने ती दोनदा वाचली. आणि काय सांगू, त्याही वेळी तिच्या पोटात ती जुनी कळ आली. कबुलीसुद्धा हिला आपल्यापेक्षा चांगली देता येते, असं वाटलं तिला. तिच्या दीड पानाशेजारी ती दोन वाक्यं अशी स्वच्छ दिसत होती की साहेबांनी वाचलं की कोण खरं बोललं हे त्यांना लगेच कळणार होतं. आणि ते काही झालं तरी ती होऊ देणार नव्हती.

तिने पेन घेतलं. सहा वर्षांपूर्वीची सूचना खोडली. राउटरचं वय खोडलं. दोन मिनिटांचं खोडलं. एकोणीस वर्षांवर जरा वेळ पेन टेकवून बसली, मग तीही खोडली. "राहून गेली" हे शब्द इतके गिरवले की कागद फाटायला आला. धाकटी मान वाकडी करून बघत होती. थोरलीने मग एक कोरा कागद घेतला, वरच्या बाजूला आपलं लिहिलं आणि धाकटीची दोन वाक्यं खाली जशीच्या तशी उतरवली. आपली किती झाली ते तिने मोजलं. तीही दोनच होती.

"ती ओळ मी मुद्दाम टाकली नाही आणि टाकली अशी खूण केली. सगळं बंद पडल्यावर वायर माझ्या हातात होती, ती मी ओढली नाही."

खाली सही करून तिने पेन धाकटीला दिलं. चाराला दहा कमी होती. दोघी उठल्या, आणि बाहेर पडताना थोरलीने कमरेला लावलेली त्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, कारण साहेबांनी ती मागून घ्यावी अशी तिची इच्छा नव्हती.